बेडूक ट्रेवरून उतरल्यानंतर

महाराष्ट्रातल्या जुन्या सायन्स कॉलेजांत प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात खालचं कपाट उघडलं, की बरेचदा मेण ओतलेले पत्र्याचे ट्रे सापडतात. मेणावर टाचण्यांची असंख्य भोकं. हे ट्रे टाकून देता येत नाहीत, कारण डेडस्टॉक रजिस्टरला त्यांची नोंद आहे. वापरताही येत नाहीत, कारण त्यांच्यावर जे टाचायचं ते २०१४पासून बंद झालं. प्रथम वर्ष बीएस्सीला आलेल्या मुलांना हे ट्रे कशासाठी होते, ते आता समजावून सांगावं लागतं.

त्यांच्या आईवडिलांच्या पिढीला ते सांगायची गरज नव्हती. झुरळ, गांडूळ, बेडूक आणि पुढे मुशी, हा क्रम सायन्सच्या मुलांच्या अंगवळणी पडलेला होता. बेडूक क्लोरोफॉर्मच्या बरणीत जायचा. मग त्याला उताणा करून चारी पाय टाचायचे, पोटाच्या मध्यरेषेवर आधी कातडीला काप द्यायचा, नंतर स्नायूंना. त्या स्नायूंना आतून चिकटलेली एक शीर मधोमध जाते. ती कापली गेली की ट्रेमधलं पाणी लाल व्हायचं आणि पुढचं काही दिसायचं नाही. छातीचं हाड काढलं की हृदय दिसायचं, अजून चालू असलेलं. बेडकाच्या हृदयाचा ठोका हृदयाच्या स्नायूतच उमटतो, मेंदूच्या हुकमाची त्याला गरज लागत नाही, हे पुस्तकात एका ओळीत आहे. ज्यांनी ते पाहिलं त्यांना ती ओळ पाठ करावी लागली नाही.

मुशीची मजा वेगळी होती. मुंबईत आणि कोकणात ती थेट मासळीबाजारातून यायची. मुशीचा सांगाडा कूर्चेचा, त्यामुळे डोक्याची कवटी स्काल्पेलने पापुद्र्यापापुद्र्याने तासता यायची आणि खालच्या मेंदूतून निघणाऱ्या नसा मोकळ्या करता यायच्या. नसेखाली काळ्या कागदाची पट्टी सरकवायची, टाचणीला नावाचा छोटा कागदी झेंडा लावायचा आणि परीक्षकांची वाट पाहायची. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत, हाताचा वास दोन जेवणं जात नसे. तास मात्र कोणी बुडवत नसे.

हे सगळं थांबायलाच हवं होतं. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७मध्ये बंद केली. शेतातले बेडूक कमी झाले की किडे वाढतात, हा त्यामागचा एक मोठा मुद्दा होता. तरी कॉलेजांना पुरवठा सुरूच राहिला. पुरवठादार बेडूक पकडून आणायचे कुठून, तर शेतातून आणि डबक्यांतून. पाळून वाढवलेले ते नसत. प्रत्येक मुलामागे एक प्राणी, प्रत्येक परीक्षेला पुन्हा एक, आणि निम्म्या मुलांची ती शीर कापली जाणार हे आधीच ठाऊक. २०११मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली: पदवीच्या मुलांनी स्वतः विच्छेदन करू नये, फार तर शिक्षकाने एखाद्या जातीचं करून दाखवावं. २०१४मध्ये तीही सवलत काढून घेतली गेली. प्राणिशास्त्र आणि जीवशास्त्राच्या पदवी-पदव्युत्तर वर्गांतून विच्छेदन हद्दपार झालं.

शिक्षकांच्या खोलीत त्यावर अजून दोन बाजू पडतात. एक म्हणते, हात गेला. दुसरी म्हणते, बरं झालं, नाहीतरी मुलं चरकत होती. दोन्ही खरं आहे. पण वाद बंदीपाशीच अडकतो आणि खरा प्रश्न तसाच राहतो. बेडूक ट्रेवरून उतरला. मग त्या जागी काय आलं?

जर्नल पूर्ण, प्रात्यक्षिक पूर्ण

बऱ्याच ठिकाणी चार्ट आले. भिंतीवर बेडकाच्या पचनसंस्थेचा रंगीत तक्ता, टेबलावर प्लॅस्टरचं मॉडेल, असल्यास प्रोजेक्टरवर एखादा व्हिडिओ. मुलं चार्टवरून जर्नलमध्ये आकृती काढतात. एचबी पेन्सिल, शेडिंग नाही, नावं उजव्या बाजूला एका सरळ रेषेत. मॅडमची सही होते. वर्षअखेरीला 'सर्टिफाइड' असा शिक्का बसतो. जर्नलशिवाय परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एका जर्नलवरून पाच जर्नलं उतरतात. जर्नल पूर्ण म्हणजे प्रात्यक्षिक पूर्ण, असा हा हिशेब आहे.

या वर्गात येतं कोण, तेही पाहायला हवं. २०२४मध्ये नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देणाऱ्यांची संख्या २३ लाखांवर गेली होती. देशभरात एमबीबीएसच्या जागा तेव्हा होत्या साधारण १ लाख १० हजार. उरलेल्यांपैकी कोणी दंतवैद्यक, आयुर्वेद, नर्सिंग, फार्मसीकडे जातं, कोणी पुन्हा नीट देतं, आणि बरीच मुलं बीएस्सीच्या वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राच्या बाकांवर येऊन बसतात. यंदा प्रवेश, मनात पुढच्या वर्षीची नीट, असा दुहेरी मुक्काम काहींचा असतो. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. प्रश्न १८०, मिनिटंही १८०. फिजिक्सच्या गणितांना वेळ हवा, म्हणून जीवशास्त्राचे ९० प्रश्न प्रत्येकी मिनिटाच्या आत उडवायचे, आणि त्यासाठी एनसीईआरटीचं पुस्तक ओळीन् ओळ डोक्यात हवं, ही क्लासची शिकवण. जीवशास्त्र म्हणजे 'स्कोअरिंग' विषय.

ही मुलं हुशार असतात आणि त्यांना पुष्कळ येत असतं. कुठल्या अवस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मध्यरेषेवर येतात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण अनेकांची अकरावी-बारावी 'इंटिग्रेटेड' झालेली. हजेरी कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये, प्रात्यक्षिकं कागदावर. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाचा बारीक फोकसचा स्क्रू पहिल्यांदा हातात येतो तो अठराव्या वर्षी. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायला ती पटाईत असतात. पर्यायच दिले नाहीत तर समोर दिसतंय त्यातून काय उचलायचं, हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं. प्रथम वर्षाचं काम इथे सुरू होतं, आणि ते स्वस्तातल्या स्वस्त साहित्यावर होऊ शकतं.

कांद्याचं मूळ

कांद्याच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात असा एक तास पाहायला मिळाला. बाकांवर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी कांद्याची चाळ. लासलगावचा आजचा भाव काय, हे विचारायच्या आत सांगणारी मुलं. खिडकीत पाण्याने काठोकाठ भरलेल्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीच्या तोंडावर एक कांदा, बूड पाण्याला टेकलेलं. जुन्या सुकलेल्या मुळ्या आधीच खरडून काढलेल्या. तीन-चार दिवसांत पांढरी कोवळी मुळं खाली उतरलेली. त्यांची दोन-तीन मिलिमीटरची टोकं आदल्या दिवशी कापून अॅसिटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवली होती. पेशी जिथे होत्या तिथे, ज्या अवस्थेत होत्या त्या अवस्थेत थांबतात, त्या यामुळे.

मग टोक सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करायचं, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटा सुटतो. अॅसिटोकार्मिनचा थेंब. वर कव्हरस्लिप. तिच्यावर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यायचा. अंगठा जरा तिरका सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड वाया. पहिल्या तासाला दहांतल्या सात स्लाइड वाया गेल्या तरी कोणी काही बोलत नाही, कारण कांदे भरपूर आहेत.

"सर, सेल दिसली!" ही पहिली हाक येते तेव्हा ती बहुधा पेशी नसते. हवेचा बुडबुडा असतो: काजळाने गिरवल्यासारखी जाड काळी कड, आत लख्ख रिकामं. दर वर्षी कोणीतरी तो जर्नलमध्ये काढतं आणि त्याला केंद्रकही देतं. तिथले सर हसले नाहीत. म्हणाले, सुईने कव्हरस्लिपवर टकटक कर. टकटक केल्यावर बुडबुडा सरकला. पेशी अशी सरकत नाही. त्या मुलाने पुन्हा डोळा लावला आणि या वेळी बराच वेळ काही बोलला नाही. आपल्याला जे दिसलं असं वाटतं ते खरंच तसं आहे का, हे तपासायला एक सुई पुरली.

पुढचा धक्का मोठा असतो. पुस्तकात चार अवस्थांची चार चित्रं शेजारीशेजारी, सारख्या आकाराची. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. स्लाइडवर मात्र शेकडो पेशी, आणि त्यांतल्या बहुतेक काहीच करताना दिसत नाहीत. गोल केंद्रक, फिकट गुलाबी, शांत. मुलांना वाटतं प्रयोग फसला. खरा धडा इथेच आहे. विभाजनाच्या मधला काळच पेशीच्या आयुष्याचा सगळ्यात मोठा भाग. त्या काळात ती स्वस्थ नसते. वाढते, डीएनएची दुसरी प्रत तयार करते. गुणसूत्रं तेव्हा उलगडलेली असतात, म्हणून वेगळी दिसत नाहीत. कांद्याची सोळा गुणसूत्रं आखडून, जाड होऊन नजरेला येतात ती थोड्याच वेळापुरती.

म्हणजे किती वेळ? इथे मुलांना मोजायला लावलं जातं. समजा शंभर पेशी मोजल्या आणि त्यांतल्या नऊ विभाजनात सापडल्या. मुळाच्या टोकातल्या पेशी एका तालात विभागत नाहीत, प्रत्येकीची वेळ निराळी. म्हणून कोणत्याही क्षणी शंभरात नऊ विभाजनात असतील, तर पेशी आपल्या एका फेरीतला साधारण नऊ टक्के वेळ विभाजनात घालवते असं म्हणता येतं. थिजवलेल्या, मेलेल्या पेशींवरून वेळ मोजला! या नऊंपैकी पाच पूर्वावस्थेत आणि एकच पश्चावस्थेत असेल, तर पश्चावस्था झटपट उरकते हेही कळतं. पुस्तकात न लिहिलेली गोष्ट मुलाने स्वतःच्या मोजणीतून काढलेली असते. शेजारच्याचा आकडा वेगळा येतो, मग वाद होतो: तू टोक किती लांब कापलंस, मी कितव्या पेशीपासून मोजायला सुरुवात केली. तो वाद म्हणजे जीवशास्त्र.

जर्नलमध्ये मात्र शेवटी चार चित्रंच जातात. मोजणीला रकाना नाही.

एक थेंब रक्त

दुसरा तास रक्तगटाचा. हा मुलांचा आवडता, कारण यात स्वतःबद्दल काहीतरी कळतं. निर्जंतुक सुईने बोटाच्या टोकाला टोचायचं, स्लाइडवर रक्ताचे तीन थेंब. एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात अँटी-डी. काडीने ढवळलं की काही क्षणांत रक्ताच्या गुठळ्या दिसतात किंवा दिसत नाहीत. ए आणि बी दोन्हींत गुठळी नाही म्हणजे 'ओ'. पाच मिनिटांत आटोपतं. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गट शोधले, १९३०मध्ये त्यांना नोबेल मिळालं, एवढं लिहून पुढच्या प्रयोगाकडे.

इथे थांबून मुंबईची गोष्ट सांगणारे शिक्षक भाग्याने मिळतात. १९५२मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईतल्या काही व्यक्तींच्या रक्ताविषयी लिहिलं. त्या रक्तात ए नव्हतं, बी नव्हतं, म्हणजे आपल्या तीन थेंबांच्या परीक्षेत ते सरळ 'ओ'. पण त्यांना 'ओ' गटाचं रक्तही चालत नव्हतं. कारण ए आणि बी हे दोन्ही एका पायावर चढवलेले असतात, त्याचं नाव एच. 'ओ' गटाच्या माणसात तो पाया असतो, वरचं बांधकाम नसतं. या व्यक्तींत पायाच नव्हता. जनुकांत ए किंवा बी असूनही ते चढवायला जागा नव्हती. आणि ज्या शरीरात एच कधी नव्हतं, ते एचला परकं मानतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बाळगतं. 'ओ'चं रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. हा 'बॉम्बे रक्तगट' जगभर त्याच नावाने ओळखला जातो. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असावा असं मानलं जातं, इतरत्र त्याहून बराच दुर्मीळ.

प्रथम वर्षाच्या मुलाला यातून मिळतं ते नीटच्या तयारीत मिळत नाही. 'ओ' हे उत्तर कधी आलं? तर ए नाही, बी नाही, म्हणून. आपण विचारलेल्या दोन प्रश्नांना नकार आला आणि त्या नकाराला नाव दिलं. तिसरा प्रश्न विचारायचा राहिला होता. रक्तपेढीत म्हणूनच पेशींची परीक्षा झाली की रक्तद्रवाचीही करतात, माहीत असलेल्या पेशी त्यात मिसळून पाहतात. दोन्हींचं जुळलं नाही की तंत्रज्ञ थांबतो. बीएस्सी करून पुढे डीएमएलटी करणारी आणि पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये उभी राहणारी मुलं याच वर्गातून जातात. तिथे थांबण्याची ही सवय पाठांतराहून मोलाची ठरते.

आनुवंशिकतेचाही धडा यातच सापडतो. एचचं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही निकामी आलं तरच हा गट उमटतो. त्यामुळे 'ओ' समजल्या गेलेल्या आईच्या पोटी, वडीलही 'ओ' असताना, ए किंवा बी गटाचं मूल येऊ शकतं, आणि जनुकांच्या जोड्या मांडणाऱ्या पनेटच्या चौकोनांवर बोट ठेवून 'हे अशक्य' म्हणणारा चुकू शकतो. घराघरांत संशयाची ठिणगी टाकायला एवढं पुरतं, म्हणून हे अठराव्या वर्षी कळलेलं बरं.

पावसातला बेडूक

आता पुन्हा बेडकाकडे. मेणाच्या ट्रेवर जो असायचा तो पाणथळीतला मोठा बेडूक. जुन्या पुस्तकांतलं त्याचं नाव राना टायग्रिना, आताचं होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. क्लोरोफॉर्म दिलेल्या अवस्थेत तो हिरवट-तपकिरी दिसे. जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर याच जातीचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतात आणि भातखाचरात रात्रभर ओरडतात. बेडकाच्या दहा मेंदूनसा क्रमाने सांगणाऱ्या कितीतरी जणांनी हे पाहिलेलं नसे. अभ्यासक्रमात तो ट्रेवर होता, डबक्यात नव्हता.

सह्याद्रीत बेडकांच्या नव्या जाती अजून सापडतात, आणि त्यांत पदवी कॉलेजांतल्या शिक्षकांचा वाटा मोठा आहे. २०१३मध्ये रावऑर्केस्टेस घाटेई हा झुडपी बेडूक जगासमोर आला. त्याचं वर्णन करणाऱ्यांत पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले आनंद पाध्ये होते, आणि त्याला नाव मिळालं ते पुण्यातल्याच मॉडर्न कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचं. आंबोलीच्या सड्यावरचा चिमुकला भेक, झँथोफ्राइन टायगरिना, २००९मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला. अशा शोधांमागे पावसाळी रात्री टॉर्च घेऊन केलेली पायपीट, आवाजांची नोंद आणि मापं असतात. सुरुवातीचं त्यातलं बरंचसं प्रथम वर्षाच्या मुलाला शिकवता येतं.

तेच वनस्पतिशास्त्राचं. सहल म्हटली की कास. २०१२मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासचं पठारही आहे. सप्टेंबरात बसगाड्यांची रांग लागते. तिथे फुलाला हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं, आणि तेच योग्य. पण एका दिवसात पन्नास जातींची नावं वहीत उतरवून परतलेला मुलगा कॉलेजच्या फाटकापाशी वाढलेल्या एकदांडीकडे, टाकळ्याकडे, केन्याकडे बघत नाही. सुतळी आणि चार खुंट्या घेऊन एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा आणि त्यातली झाडं जातवार मोजावीत. दोन महिन्यांनी तोच चौकोन पुन्हा मोजावा. काय वाढलं, काय दबलं, कुणाला फळं धरली. खर्च शून्य.

गाजरगवताचं उदाहरण या मातीतलंच आहे. अमेरिका खंडातून आलेलं हे तण भारतात नवं असल्याची शास्त्रीय नोंद १९५६मध्ये पुण्याहून झाली, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. ते पायदळी तुडवत लोक रोज जातच होते. कोणीतरी एकाने थांबून म्हटलं, हे इथलं नाही. पुढे त्याने देशभर काय उच्छाद मांडला ते सगळ्यांनी पाहिलं.

अडतं कुठे

अडचणी खऱ्या आहेत. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. अनेक कॉलेजांत प्रथम वर्षाचे तास घड्याळी तासिकेवरच्या शिक्षकांवर चालतात. तासाला ठरलेले पैसे मिळतात, पण रात्री नऊला डबक्यापाशी मुलांना नेलं तर तो तास कुठल्या कागदावर लिहायचा? नव्या शैक्षणिक धोरणात प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात तीस तास. वेळापत्रकात ते बसवताना तासांचे तुकडे पडतात, आणि कांद्याची मुळं वेळापत्रक बघून वाढत नाहीत. मुलींच्या हॉस्टेलचं फाटक सातला बंद होतं. सूक्ष्मदर्शक मोजके, मुलं फार. दहावीपर्यंत पेशी, केंद्रक, तंतुकणिका शिकलेल्या मुलाला हे सगळं इंग्रजीत पुन्हा पचवायचं असतं, आणि त्या धांदलीत पाठांतर हाच त्याला सुरक्षित रस्ता वाटतो.

तरीही सगळ्यात मोठी अडचण पैशाची नाही, परीक्षेची आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत 'स्पॉटिंग' असतं. टेबलावर बाटल्या आणि स्लाइड मांडलेल्या, प्रत्येकीपाशी दोन-तीन मिनिटं: ओळखा, वर्गीकरण करा, दोन लक्षणं लिहा. बाटल्या वर्षानुवर्षं त्याच. फॉर्मॅलिनमध्ये तारामासा पांढरा पडलेला, जळू आखडलेली. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना खुणा सांगून ठेवतात, बुचाला तडा गेलेली बाटली म्हणजे अमुक. प्राणी बघायची गरजच उरत नाही, बूच बघितलं की झालं. जे परीक्षेत नाही ते शिकवलं जात नाही, आणि वर्गातला तो हमखास प्रश्न, "सर, हे येणार का?", यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना तेच शिकवलं आहे.

मग परीक्षेत एक टेबल बदलावं. त्या सकाळी आवारातून उचललेली काहीही वस्तू त्यावर ठेवावी: किडीने कुरतडलेलं पान, झाडाच्या सालीवरचं दगडफूल, गटाराच्या पाण्याचा थेंब लावलेली स्लाइड. नाव विचारू नये. काय दिसतं ते लिहा, एक गोष्ट मोजा, आणि त्यावरून एक प्रश्न काढा, एवढंच. गुण निरीक्षणाला, मोजणीला आणि प्रश्नाला. खुणा सांगून ठेवायला इथे जागा नाही, क्लासच्या नोट्स उपयोगाच्या नाहीत, आणि मराठी माध्यमातून आलेलं मूल शहरातल्या मुलाच्या बरोबरीने उभं राहतं. शेतातलं असेल तर कदाचित चार पावलं पुढेच.

विच्छेदन थांबवायला दिल्लीहून परिपत्रक यावं लागलं. या बदलाला ते लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आजही वर्गावरच्या शिक्षकाच्या हातात आहेत, आणि प्रश्नपत्रिकेत एक टेबल वाढवायला विभागप्रमुखांची सही पुरते.